दर तीन वर्षांनी नवा संघ: बर्मिंगहॅम लायन्सचं प्रकरण

बर्मिंगहॅम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ लायन्स या नावाने खेळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिलेला हा क्लब आजही मैदानात आहे, आणि राष्ट्रीय विजेतेपद त्याने एकाहून अधिक वेळा जिंकलं आहे. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची असते. त्या हिशेबाने एवढ्या काळात हा अख्खा संघ दहा-बारा वेळा तरी बदलून झाला. सुरुवातीच्या खेळाडूंची मुलं आता विद्यापीठात जायच्या वयाची झाली असतील.

याच काळात ब्रिटनमध्ये या खेळावर ज्यांनी मोठा पैसा लावला ते जवळजवळ सगळे बाहेर पडले. बिअर कंपनीच्या नावाची लीग गेली. एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगने स्वतः उभी केलेली युरोपातली लीग गेली. वेम्बलीवर साठ हजार लोकांसमोर विजेतेपद जिंकणारा लंडनचा व्यावसायिक संघ गेला. प्रौढ क्लबांची देशपातळीवरची लीग २०१० मध्ये बंद पडली आणि तो डाव नव्याने मांडावा लागला. विद्यार्थ्यांची स्पर्धा मात्र चालू राहिली. तिला ना प्रेक्षक, ना तिकीट, ना पगारी खेळाडू. वर जो खेळाडू कुठे तयार झाला म्हणावा, तो त्याच उन्हाळ्यात पदवी घेऊन गावी जातो.

हे कसं जमलं, हा या प्रकरणाचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दरवर्षीची गळती हा या क्लबांचा दुबळेपणा वाटतो, पण त्यांना तारलं ते तिनेच. जिथे दर वर्षी माणसं जाणारच असतात, तिथे दर वर्षी माणसं आणायची सवय लागते. शहरी क्लबांना आणि व्यावसायिक संघांना ती सवय कधी लागली नाही.

लाट टीव्हीवरून आली

२ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही चौथी वाहिनी सुरू झाली. मोठ्या खेळांचे हक्क बीबीसी आणि आयटीव्हीकडे होते. नव्या वाहिनीला वेगळं काहीतरी हवं होतं आणि तिने एनएफएलचे सामने दाखवायला घेतले. जानेवारी १९८३ मध्ये वॉशिंग्टन आणि मायामी यांच्यातला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, ब्रिटनच्या घराघरांत थेट दिसला. त्याच ऑगस्टमध्ये मिनेसोटा आणि सेंट लुईस हे संघ वेम्बलीवर सराव सामना खेळून गेले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज आले तेव्हा वेम्बलीवर ऐंशी हजारांहून अधिक माणसं होती. शिकागोच्या विल्यम पेरीचं ‘द रेफ्रिजरेटर’ हे टोपणनाव तेव्हा ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी होतं.

पाहणाऱ्यांना खेळावंसं वाटलं. लंडन रेव्हन्स हा संघ १९८३ मध्ये उभा राहिला. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये बुल्स सुरू झाले आणि पुढे १९८८ व १९९१ मध्ये ते ब्रिटनचे विजेते ठरले. दशकाच्या मध्यापर्यंत देशात शंभराहून जास्त संघ होते. शिकवायला माणसंही हाताशी होती, ती शीतयुद्धामुळे. मिल्डनहॉल, लेकनहीथ, अप्पर हेफर्ड, चिकसँड्स अशा ठिकाणी अमेरिकी हवाई दलाचे तळ होते. तिथल्या जवानांनी शाळा-कॉलेजात हा खेळ खेळलेला होता. हेल्मेट कसं बसवायचं, टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेतलेल्याला धरून पाडताना, डोकं कुठे ठेवायचं, हे सुरुवातीच्या कित्येक ब्रिटिश खेळाडूंना अशा एखाद्या जवानानेच दाखवलं.

विद्यापीठांमध्ये हा खेळ पोहोचला तो याच लाटेत. दशकाच्या मध्यावर ब्रिटिश कॉलेजिएट अमेरिकन फुटबॉल लीग ही विद्यार्थ्यांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. स्टर्लिंगचे क्लॅन्समेन, हलचे शार्क्स, ईस्ट अँग्लियाचे पायरेट्स ही त्या जुन्या काळातली नावं. बर्मिंगहॅमचे लायन्स थोडे उशिरा आले, लाट ओसरायच्या बेतात असताना. हा उशीर महत्त्वाचा आहे. टीव्हीने पेटवलेला उत्साह पुढे पुरणार नाही, हे अशा क्लबाला अगदी सुरुवातीपासूनच भोगावं लागलं.

शहरात काय झालं

ओहोटी लवकर लागली. बडवायझर कंपनीच्या नावाने चालणारी लीग १९८६ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली होती, पण दशक संपता संपता तो पैसा आटला. क्लब फुटले, एकमेकांत विलीन झाले, बंद पडले. त्या वेळच्या कितीतरी शहरी संघांची आज फक्त नावं उरली आहेत. बर्मिंगहॅम बुल्स टिकून राहिले, पण तेही खालच्या-वरच्या श्रेणींत ये-जा करतच.

मग एनएफएलने स्वतःच पाऊल टाकलं. वर्ल्ड लीगचा पहिला हंगाम १९९१ मध्ये झाला आणि लंडन मोनार्क्सनी वेम्बलीवर बार्सिलोनाला २१–० असं हरवलं. त्या दिवशी साठ हजारांवर प्रेक्षक होते. सात वर्षांनी हाच संघ इंग्लंड मोनार्क्स या नावाने घरच्या मैदानाच्या शोधात गावोगाव फिरत होता: लंडनचं क्रिस्टल पॅलेस, ब्रिस्टलचं ॲश्टन गेट आणि बर्मिंगहॅमचं अलेक्झांडर स्टेडियम. १९९८ चा हंगाम संपला आणि मोनार्क्स गुंडाळले गेले. त्यांची जागा बर्लिनच्या संघाने घेतली. स्कॉटलंडचे क्लेमोर्स २००४ पर्यंत तगले. २००७ मध्ये एनएफएलने युरोपातली ती लीगच बंद केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अमेरिकेतले खरे साखळी सामने वेम्बलीवर आणायला सुरुवात केली.

अलेक्झांडर स्टेडियम शहराच्या उत्तर भागात आहे आणि विद्यापीठ दक्षिणेला एजबॅस्टनमध्ये. व्यावसायिक खेळाडू जिथे आले आणि गेले, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थी चिखलात सराव करत होते. मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील हाच वाटतो. मोनार्क्सना जगायला प्रेक्षक हवे होते. लायन्सना हवी होती फक्त पुढच्या ऑक्टोबरमध्ये येणारी नवी मुलं, आणि ती विद्यापीठ दर वर्षी आपणहून आणून देत होतं.

त्यातच १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि विद्यापीठांची संख्या एकदम वाढली. काही शहरांत एकाच्या जागी दोन विद्यापीठं झाली. शेफिल्डमध्ये शेफिल्ड विद्यापीठाचे सेबर्स आणि शेफिल्ड हॅलम विद्यापीठाचे वॉरियर्स असे दोन संघ दिसतात त्याचं मूळ इथे आहे. शेजारचं विद्यापीठ म्हणजे घरचा शत्रू, आणि प्रवासाचा खर्च शून्य. विद्यार्थ्यांच्या खेळाला याहून चांगलं काय हवं!

भरती

आता क्लब प्रत्यक्षात चालतो कसा ते पाहू. यातलं बहुतेक सगळं लायन्सपुरतं नाही. ब्रिटनमधल्या कुठल्याही विद्यापीठात थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

सप्टेंबरच्या शेवटी नवे विद्यार्थी येतात. पहिल्याच आठवड्यात सगळ्या क्लबांचा मेळावा भरतो, त्याला फ्रेशर्स फेअर म्हणतात. टेबलांच्या रांगा लागलेल्या असतात: वादविवाद, बुद्धिबळ, नौकानयन, बॉलीवूड नृत्य. अमेरिकन फुटबॉलच्या टेबलावर हेल्मेट आणि शोल्डर पॅड मांडलेले असतात, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला जुने खेळाडू हाक मारून थांबवतात. अंगाने दांडगा, पण शाळेत कुठल्याच संघात घेतला न गेलेला मुलगा त्यांना दुरूनच ओळखू येतो. त्याला ते सांगतात की आम्हाला नेमका तूच हवा आहेस.

ते खरंच असतं. या खेळात आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा खेळाचा गाभा. त्यासाठी पळणारे लागतात, झेलणारे लागतात, आणि समोरच्याला नुसतं अडवून धरणारे पाच वजनदार गडीही लागतात. त्यांतला मधला गडी चेंडू मागे देऊन चाल सुरू करतो, बाकीचे चौघे सहसा चेंडूला हातही लावत नाहीत. रग्बीत किंवा सॉकरमध्ये ज्याला जागा नव्हती अशा मुलाला इथे नुसती जागा मिळत नाही, तर त्याच्यावाचून खेळच अडतो. दोन्ही बाजूंना पुरेसे खेळाडू आणि दुखापतींसाठी राखीव धरले तर क्लबाला चाळीस-पन्नास जण लागतात. एवढी भरती दर वर्षी करायची तर आधीचा अनुभव मागून चालत नाही. ब्रिटनमधल्या शाळांत हा खेळ जवळजवळ नसतोच, त्यामुळे सगळेच नवखे. त्यांना रूकी म्हणतात.

अमेरिकेतल्या कॉलेजशी ताडून पाहिलं की फरक कळतो. तिथे वरच्या श्रेणीतला विद्यापीठ संघ अलीकडेपर्यंत ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ शकत होता, आणि मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एक लाखावर माणसं बसतात. बर्मिंगहॅममध्ये खेळाडू स्वतः वर्गणी भरतो. बघायला येतात खोलीतले सोबती, एखाद-दुसऱ्याचे आईवडील आणि मागच्या वर्षीचे खेळाडू.

महिनाभर सराव होतो. तीन बोटं जमिनीला टेकवून बसायची स्थिती, चेंडू पायांमधून मागे देणं, डोकं वर ठेवून टॅकल. संघाच्या चालींची वही मुद्दाम छोटी ठेवतात, कारण अर्ध्या मुलांनी सप्टेंबरपर्यंत खेळाचे नियमही वाचलेले नसतात. नोव्हेंबरच्या आसपास सामने सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात. ब्रिटनमधल्या प्रौढ क्लबांचा हंगाम मात्र उन्हाळ्यात असतो. त्यामुळे चांगला विद्यार्थी हिवाळ्यात विद्यापीठाकडून आणि उन्हाळ्यात शहरातल्या क्लबाकडून खेळू शकतो. ज्या शहरी क्लबांनी एकेकाळी विद्यापीठाला खेळ शिकवला, त्यांना आज तयार खेळाडू विद्यापीठाकडून मिळतात. प्रवाह उलटा झाला, आणि दोन्ही बाजूंचं त्यात भलं झालं.

मैदान आणि कपाट

रविवारचा सामना बहुतेक वेळा रग्बीच्या मैदानावर होतो. इथे एक अडचण येते ती मापांची. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही एंड झोन, म्हणजे टोकांचे गुण मिळवायचे पट्टे, धरून १२० यार्ड लांब आणि सव्वात्रेपन्न यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं, म्हणजे सुमारे ११० मीटर बाय ४९ मीटर. रग्बीच्या दोन गोल-रेषांमधलं अंतर जास्तीत जास्त १०० मीटर आणि रुंदी ७० मीटर. रुंदीचा प्रश्न नाही, रेषा आतून आखायच्या. लांबीचा आहे. रग्बीचे खांब गोल-रेषेवर असतात आणि अमेरिकन फुटबॉलचे एंड झोनच्या मागे, अगदी शेवटच्या रेषेवर. तेव्हा एक तर मैदान आखूड करायचं, नाही तर खांबांपलीकडची जागा एंड झोनला वापरायची आणि ऐन धावण्याच्या वाटेत दोन खांब उभे आहेत हे मान्य करून त्यांना जाड पॅडिंग गुंडाळायचं. सुदैवाने खांबांमधलं अंतर दोन्ही खेळांत जवळपास एकच आहे: रग्बीत ५.६ मीटर, इथे साडेअठरा फूट, म्हणजे ५.६४ मीटर. आडवी दांडीही दोन्हीकडे तीन मीटरच्या आसपास. किक मारणाऱ्याला एवढा तरी दिलासा मिळतो.

फेब्रुवारीतल्या अशा सामन्यात मधल्या पट्ट्यात गवत उरलेलं नसतं. रग्बीच्या पांढऱ्या रेषा, सॉकरच्या जुन्या पुसट रेषा आणि आज सकाळी यजमान मुलांनी मारलेल्या नव्या रेषा, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. कडेला दहा यार्ड मोजायची साखळी धरून तिघेजण उभे असतात. ती माणसं यजमान क्लबाने द्यायची असतात, म्हणून त्यात बहुधा एखादा दुखापतग्रस्त खेळाडू असतो, अंगावर दोन जॅकेटं घातलेला. पंच येतात ब्रिटिश अमेरिकन फुटबॉल रेफ्रीज असोसिएशनकडून. वैद्यकीय पथक हजर नसेल तर सामना सुरू होत नाही. मैदान, पथक, पंच हे सगळं जमवणारी समिती स्वतःही विद्यार्थ्यांचीच असते, आणि तिच्यातले बरेच जण तासाभराने खेळायला उतरणार असतात.

क्लबाची खरी मालमत्ता म्हणजे साहित्याचं कपाट. हेल्मेटं, शोल्डर पॅड, जर्सी, चेंडू, सरावाच्या ढाली. नवखा मुलगा बुटांवर आणि दातांच्या गार्डवर पैसे घालतो. पहिल्याच महिन्यात हेल्मेट विकत घेणं त्याला परवडत नाही, आणि तो टिकेल की नाही हेही माहीत नसतं. म्हणून क्लबाकडे उसने द्यायला हेल्मेटं असावी लागतात. जितकी धड हेल्मेटं, तितकीच मुलं सरावात प्रत्यक्ष भिडू शकतात. जाळीचे स्क्रू गंजतात, आतल्या गाद्यांतली हवा जाते, कवचाला तडा गेला की ते कायमचं बाद. समितीत साहित्य सांभाळणारा एक स्वतंत्र पदाधिकारी असतो, आणि माझ्या मते अध्यक्षापेक्षा क्लबाचं भवितव्य त्याच्या हातात जास्त असतं. मे महिन्यात हेल्मेटं परत गोळा झाली नाहीत तर ऑक्टोबरची भरती कितीही जोरात झाली तरी फुकट जाते.

समिती दर वसंतात निवडली जाते. खजिनदार बदलतो, बँकेच्या सह्या बदलतात, मैदान कोणाकडून मिळवायचं हे माहीत असणारा मुलगा नोकरीला लागतो. पुरुषोत्तम करंडकाला उतरणाऱ्या कॉलेजांच्या संघात काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: दिग्दर्शक पास होऊन जातो, तरी पुढच्या वर्षी कॉलेजचं नाव फलकावर असतंच, कारण दोन माजी विद्यार्थी तालमीला येऊन बसतात. इथेही तसंच होतं. प्रशिक्षक बहुतेक वेळा माजी खेळाडू असतात, मानधन घेतलंच तर नाममात्र. पदवीनंतर ज्याने त्याच शहरात नोकरी धरली तो क्लबाची आठवण होऊन राहतो. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराचा इथे मोठा फायदा आहे: नोकऱ्या आहेत, बुल्ससारखा क्लब आहे, त्यामुळे माजी खेळाडू शहरात राहतो. बँगर किंवा ॲबरिस्टविथसारख्या वेल्समधल्या लहान गावातल्या विद्यापीठाला हे सुख नाही. पदवी झाली की तिथला खेळाडू शेकडो मैल दूर जातो. बँगरचे मडडॉग्ज आणि ॲबरिस्टविथचे तरनाऊ यांनी संघ चालवला, याचं मला मोठ्या विजेत्यांच्या करंडकांपेक्षा जास्त कौतुक आहे.

पदवीच्या वर्षांनीही फरक पडतो. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची, म्हणजे स्टर्लिंग किंवा एडिनबराच्या संघाला तयार खेळाडूचा एक हंगाम जास्त मिळतो. बाथ, लफबरो, सरे इथे अनेक अभ्यासक्रमांत मधलं एक वर्ष कंपनीत काम करायचं असतं. तिथे चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, ऐन भरात असताना वर्षभर गायब होतो आणि परत येतो तेव्हा त्याच्या ओळखीचे निम्मे गडी गेलेले असतात.

२०१२: बक्स

विद्यार्थ्यांची लीग सुरुवातीपासून खेळातल्याच लोकांनी हौसेने चालवली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचं नाव ब्रिटिश युनिव्हर्सिटीज अमेरिकन फुटबॉल लीग झालं. पण विद्यापीठांच्या अधिकृत क्रीडास्पर्धा वेगळ्याच छताखाली होत्या. २००८ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन ब्रिटिश युनिव्हर्सिटीज अँड कॉलेजेस स्पोर्ट, म्हणजे बक्स, ही संस्था झाली होती. २०१२–१३ च्या हंगामापासून अमेरिकन फुटबॉल बक्सकडे आलं.

वरवर पाहता हा फक्त कारभार कोणाकडे याचा प्रश्न. प्रत्यक्षात यातून क्लबाचं विद्यापीठातलं स्थानच बदललं. बक्समध्ये प्रत्येक खेळातल्या कामगिरीला गुण असतात, आणि सगळ्या खेळांचे गुण मिळून विद्यापीठांची वार्षिक क्रमवारी लागते. लफबरो चाळीसहून जास्त वर्षं त्या यादीत सगळ्यांत वर राहिलेलं आहे. बर्मिंगहॅम वरच्या विद्यापीठांमध्ये असतं. लायन्सचा विजय आता हॉकीच्या किंवा पोहण्याच्या विजयासारखाच विद्यापीठाच्या खात्यात पडू लागला. क्रीडा विभागाला या क्लबाकडे बघायचं कारण मिळालं. वेटलिफ्टिंगची जागा, फिजिओ, सरावाला दिव्यांचं मैदान हे मागताना हातात आकडा आला.

त्याच शरद ऋतूपासून इंग्लंडमध्ये पदवीच्या फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंड झाली. एवढी फी भरणारा विद्यार्थी आवारात काय मिळतं हे बघू लागला आणि विद्यापीठं क्रीडासुविधांवर खर्च करू लागली. बर्मिंगहॅमने २०१७ मध्ये नवं क्रीडा केंद्र उघडलं. शहरातला पहिला ५० मीटरचा तरणतलाव त्यात आहे. बक्स आणि वाढीव फी या दोन गोष्टी एकाच वर्षी सुरू झाल्या हा योगायोग, पण अमेरिकन फुटबॉलला दोन्हींचा एकत्र लाभ झाला असं मला वाटतं.

तोटाही झाला, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. नव्या रचनेत वरती उत्तर आणि दक्षिण अशा दोन प्रीमियर श्रेणी झाल्या, खाली बाकीच्या. बर्मिंगहॅम, डरॅम, लफबरो यांच्यासारख्या विद्यापीठांनी प्रशिक्षणावर पैसा घातला, खेळाचा अनुभव असलेले पदव्युत्तर विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले, आणि वरच्या श्रेणीतला खेळ खूप सुधारला. लफबरोला तर २०२२ पासून एनएफएल अकादमीही आहे. पण सतरा-अठरा नवख्यांच्या जिवावर चालणाऱ्या लहान क्लबाला आता तीच शिस्त, तेच नियम, तोच प्रवास पाळावा लागतो. सामना सोडून द्यावा लागला तर पूर्वी आयोजकांना फोन करून तारीख बदलता यायची. आता गुण जातात. मोठ्या क्लबांना बक्समुळे फायदा झाला यात शंका नाही. लहानांना काय दिलं याचं उत्तर अजून समाधानकारक नाही.

एक हंगाम रिकामा गेला तेव्हा

या सगळ्या मांडणीची खरी परीक्षा कोविडने घेतली. मार्च २०२० मध्ये बक्सचे सामने थांबले आणि २०२०–२१ चा साखळी हंगाम झालाच नाही. शहरी क्लबाच्या दृष्टीने एक हंगाम बुडाला. विद्यापीठ क्लबाचा हिशेब वेगळा आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मैदानं उघडली तेव्हा पहिल्या वर्षाची मुलं नवखी होतीच; दुसऱ्या वर्षाच्या मुलांनीही एकसुद्धा साखळी सामना खेळलेला नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे होता तो दीड वर्षापूर्वीचा, स्वतः नवखे असतानाचा एक हंगाम. ज्यांना क्लब चालवता येत होता ती समिती पदवी घेऊन निघून गेली होती, आणि बरंचसं हस्तांतर व्हिडिओ कॉलवर झालं होतं.

एका धक्क्याने तीन वर्षांची साखळी तुटायला हवी होती. तरी सामने पुन्हा सुरू झाले. एकाच वेळी दोन तुकड्या नवखेपणाने शिकल्या, माजी खेळाडू जास्त वेळ देऊ लागले, चालींची वही आणखी पातळ झाली. नव्या माणसाला चार आठवड्यांत उभं करायचं कसब या क्लबांकडे तीस वर्षं मुरलेलं होतं, ते इथे कामी आलं.

पुण्याचं उलट उदाहरण

हाच खेळ महाराष्ट्राच्या नावानेही खेळला गेला आहे. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियामध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. अमेरिकेतल्या नामवंत माजी खेळाडूंचा पैसा त्यामागे होता. सामने आधी चित्रित करून २०१२ मध्ये टीव्हीवर दाखवले गेले, आणि अंतिम सामन्यात पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६–० असं हरवलं. त्यात रग्बी आणि इतर खेळांतून आलेली गुणी मुलं होती. पण ही लीग दर वर्षी नेमाने भरली नाही. ती उभी राहिली टीव्हीच्या भरवशावर, अगदी १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश शहरी क्लबांसारखी. पुण्यातल्या कॉलेजांत आधी दहा संघ झाले असते आणि मग लीग आली असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं. पुण्यात विद्यार्थी कमी नाहीत.

महाराष्ट्रातून ब्रिटनला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी जाणाऱ्या मुलामुलींसाठी इथे एक कामाची गोष्ट आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही या संघांत खेळता येतं, आधीचा अनुभव कोणी विचारत नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम एका वर्षाच्या अभ्यासक्रमात पुरा बसतो. प्रबंधाचा उन्हाळा मोकळा राहतो.

पुढचं वळण

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच नवे खेळ मंजूर केले. आपल्याकडे बातमी झाली ती क्रिकेटची. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होतं: पाच-पाच जणांचा खेळ, टॅकल नाही, चेंडू नेणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की ती चाल तिथेच संपते.

विद्यापीठ क्लबांसाठी या निर्णयाचा अर्थ रोकडा आहे. फ्लॅगला हेल्मेट लागत नाही, शोल्डर पॅड लागत नाहीत, पंचेचाळीस जणांची भरती लागत नाही. साहित्याचं कपाट हीच ज्या लहान क्लबांची सगळ्यात मोठी अडचण होती, त्यांना दहा माणसांवर संघ उतरवता येतो. ज्या मुली आतापर्यंत समितीत काम करायच्या, व्हिडिओ काढायच्या किंवा मोजक्या संख्येने टॅकल संघात सराव करायच्या, त्यांच्यासाठी बक्समध्ये आता महिलांची फ्लॅग स्पर्धा आहे. विद्यापीठाचा क्रीडा विभागही महिला संघाला खुशीने पैसे देतो, कारण त्याचेही गुण मिळतात.

प्रश्न उरतो तो मैदानाच्या वेळेचा आणि प्रशिक्षकांचा. दिव्यांचं मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळत असेल, तर त्यातला किती वेळ टॅकलला आणि किती फ्लॅगला? शनिवार-रविवार देणारे तीन माजी खेळाडू असतील, तर मुलींच्या संघाला त्यातला कोण? येत्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक विद्यापीठातल्या समितीपुढे हा विषय येणार आहे, आणि तो सोडवणारी बरीच मुलंमुली आज शाळेत आहेत.